हवामानाच्या चौकटीत दवबिंदूही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की वर्तमानपत्रांत कमाल तापमानाची चौकट ठळक होते. नागपूर ४२, मुंबई ३४. ती वाचून विदर्भातला माणूस मुंबईकराच्या कुरकुरीला हसतो आणि मुंबईकर ३४ अंशांत निथळत बसतो. दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे, खोट चौकटीत आहे. तीत तापमानाशेजारी आर्द्रतेचा टक्का असतो, पण तो ज्या रूपात छापला जातो त्या रूपात घरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही, उलट फसगतच होते. टक्क्याशेजारी, आणि जागा नसेल तर टक्का काढून, दवबिंदू, म्हणजे हवेत खरोखर किती पाणी आहे ते सांगणारा आकडा, छापावा एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र.

आधी माठाकडे पाहू. नागपुरात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना सावलीत, वारा लागेल असा ठेवलेला माठ पाणी २४-२५ अंशांपर्यंत उतरवतो. तोच माठ मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्क्यांत ठेवला तर पाणी ३० च्या खाली जायला तयार होत नाही. मग ‘माठच बिघडला, छिद्रे बुजली’ म्हणून नवा माठ येतो आणि तोही तसाच वागतो. पाझरलेले पाणी वाळताना उष्णता ओढून घेते, पण ते किती वाळेल हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरते. या मार्गाने पाणी जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते, त्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात. वरच्या उदाहरणात ते नागपूरला सुमारे २२ आणि मुंबईला सुमारे २९ येते. म्हणजे पारा ८ अंशांनी खाली असलेल्या मुंबईत ओला बल्ब ७ अंशांनी वर!

माणसाच्या कातडीचे गणित माठासारखेच. स्वस्थ बसलेले शरीर सुमारे १०० वॅट उष्णता तयार करते, चालताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. ३४-३५ अंशांच्या हवेत ही उष्णता नुसत्या हवेच्या स्पर्शाने जात नाही, कारण कातडीही ३५ च्याच घरात असते. उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. ‘वाळला तर’ हे महत्त्वाचे. हनुवटीवरून टपकलेला, बनियनातून पिळून काढलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा मात्र देत नाही. कातडीवरचे बाष्प आणि हवेतले बाष्प यांच्या दाबातला फरक मुंबईच्या उदाहरणात जेमतेम १.९ किलोपास्कल आहे, नागपूरच्या उदाहरणात ४.४. घाम ओढून घेण्याची ताकदच तिथे सव्वादोन पट.

म्हणून नागपूरचा उन्हाळा सोपा, असे कुणी समजू नये. तिथे हवाच कातडीपेक्षा तापलेली असते, ती उलट अंगात उष्णता भरते, आणि घाम इतका झटपट वाळतो की किती गेला ते कळतही नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर झालेल्या प्रयोगांत दमट हवेत शरीराचे तापमान आवरेनासे होण्याची हद्द ओल्या बल्बच्या ३०-३१ अंशांना दिसली. कोरड्या, तापलेल्या हवेत ती याहूनही खाली आली, कारण तिथे घाम वाळायला अडचण नसते, शरीर तेवढा घाम पुरवू शकत नाही. दोन्हीकडचा धोका खरा, फक्त वाट वेगळी.

आता टक्क्याची गोष्ट. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जितके बाष्प मावू शकते त्याच्या किती टक्के आहे, एवढेच. तापमान चढले की मावण्याची क्षमता वाढते आणि बाष्प तेवढेच असूनही टक्का घसरतो. मुंबईत सकाळी २७ अंशांना ९० टक्के आणि दुपारी ३३ अंशांना ६० टक्के, हे मे महिन्यातले अगदी नेहमीचे चित्र. वाचणाऱ्याला वाटते, दुपारी हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात दवबिंदू सकाळी २५ आणि दुपारी २४, म्हणजे बाष्प जवळपास जिथल्या तिथे. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला ती हवा गार केली की दव धरते तो आकडा. हवेत खरोखर किती पाणी आहे ते तो सांगतो आणि उन्हाच्या चढ-उताराने फारसा हलत नाही.

फसगतीचा दुसरा प्रकार जास्त वाईट. हवामान खात्याच्या रोजच्या आर्द्रतेच्या नोंदी सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० च्या असतात आणि कमाल तापमान साधारण दुपारी दोन-तीनच्या सुमाराचे. दोन्ही आकडे शेजारी छापले की ‘मुंबई ३४ अंश, आर्द्रता ८५ टक्के’ असा मथळा तयार होतो. हे दोन आकडे एका क्षणाचे असते तर दवबिंदू ३१ निघाला असता. अरबी समुद्राचे पाणीच मे महिन्यात आपल्या किनाऱ्याला २९-३० अंशांचे असते. पाण्यावरून येणारी हवा पाण्याच्या तापमानापेक्षा जास्त दवबिंदू आणणार कुठून? पर्शियन आखातासारख्या उथळ, तापलेल्या समुद्राकाठी तसे होते. सौदी अरेबियातल्या धहरानला जुलै २००३ मध्ये ३५ दवबिंदू नोंदला गेला होता. कुलाब्याला तसे होत नाही. पण हेच बेजोड आकडे कुणीतरी ‘भासमान तापमाना’च्या कोष्टकात घालतो आणि समाजमाध्यमांवर ‘मुंबईत ५२ अंशांचा भास’ असली आवई उठते.

आपल्या चौकटीतले आकडे एकाच वेळचे असतील तर दवबिंदू तोंडी काढता येतो. १०० मधून आर्द्रता वजा करा, आलेल्या उत्तराला ५ ने भागा आणि तो भागाकार तापमानातून वजा करा. ३४ अंश, ७० टक्के: ३० भागिले ५ म्हणजे ६, म्हणून दवबिंदू २८. ही युक्ती ५० टक्क्यांच्या वरच चालते, चूक एखाद्या अंशाची. विदर्भाच्या कोरड्या हवेला ती लावू नये. ४२ आणि १५ टक्क्यांना ती २५ सांगेल, खरा दवबिंदू आहे १०.

किनारपट्टीच्या माणसाला उपयोगी पडेल अशी ढोबळ पट्टी अशी. दवबिंदू २० च्या आत असेल तर घाम वाळतो, सावली आणि पाणी पुरते. २० ते २३ मध्ये पंख्यावर भागते. २४-२५ म्हणजे मुंबई-कोकणातला नेहमीचा मे, अंग चिकचिकते, कपडे दोरीवर उशिरा वाळतात. २६ च्या वर पंख्याखालीही पाठ ओलीच राहते आणि रात्री झोप मोडते. २७-२८ ला अंगमेहनतीच्या कामाचे तास कमीच करायला हवेत. तापमान ३२ आहे की ३४, याने इथे फारसे बिघडत नाही.

मार्चमध्ये मुंबईचा पारा ३८-३९ वर जातो तो बहुधा खारे वारे उशिरा सुटल्यामुळे. तोवर जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे टिकतात. त्या दिवशी मथळे मोठे असतात आणि सावलीत बसले तर त्रास त्या मानाने कमी. मे महिन्यात वारा लवकर सुटतो, पारा ३४ वर थांबतो, मथळा येत नाही आणि जिवाची तगमग होते. उष्णतेच्या लाटेचा निकषही किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त असा पाऱ्यावरच बेतलेला आहे. ३४ अंश आणि २८ दवबिंदूचा दिवस त्यात कधीच बसणार नाही. हवामान खात्याने २०२३ च्या एप्रिलपासून उष्मा निर्देशांक, म्हणजे असेच भासमान तापमान, प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली हे चांगले झाले. पण तो निर्देशांक सावलीतल्या माणसाचा असतो, उन्हातल्या मैदानाचा नव्हे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात १४ जीव गेले, ते तासन्‌तास उन्हात बसलेल्या गर्दीतले होते.

दवबिंदू कळला की घरातले निम्मे निर्णय आपोआप होतात. पहिला निर्णय कूलरचा. चांगली ताटी, मग ती वाळ्याची असो, वूडवूलची असो की हनीकोम्बची, हवेला कोरड्या बल्ब (म्हणजे साधे तापमान) आणि ओल्या बल्बमधल्या अंतराच्या सुमारे ८० टक्के खाली आणते. नागपूरला ४२ आणि २२ मधले अंतर २०, त्याचे ८० टक्के १६, म्हणजे कूलरमधून २६ अंशांची हवा येते. एवढ्या कमी विजेत असा सौदा दुसरा नाही. मुंबईत ३४ आणि २९ मधले अंतर ५, त्याचे ८० टक्के ४, म्हणजे ३० अंशांची आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता असलेली हवा. तोंडासमोर दोन मिनिटे बरी वाटते. अर्ध्या तासात गादी, उशी, भिंतीचे प्लास्टर सगळे दमट होते आणि खोली आधीपेक्षा कोंदट. तरी ठाण्यापासून पालघरपर्यंत दुकानांत दर उन्हाळ्यात कूलर विकले जातातच. काही घरांत तर एसी आणि कूलर एकाच वेळी चालू असतात. एक पाणी काढतो, दुसरा घालतो आणि वीजबिल दोघांचे येते.

विदर्भातही कूलर जूनमध्ये दगा देतो, त्याचे कारण हेच. हवा ३६ अंश आणि ६० टक्क्यांवर आली की ओला बल्ब २९ च्या पुढे जातो. तेव्हा ताटी बदलून उपयोग नाही. पंप बंद करून नुसता फॅन चालवावा. मे महिन्यात कूलर चांगला चालत नसेल तर बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. कूलर खिडकीच्या बाहेर, बाहेरची हवा ओढेल असा हवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे हवे. खोलीच्या आत ठेवून दारे लावली तर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि तासाभरात नागपूरची खोली मुंबईची होते. ताटीवर पांढरे क्षार धरले की त्या जागी पाणी झिरपत नाही आणि तिथून गरम हवा तशीच आत येते. आपल्याकडच्या जड पाण्यात टाकी चार दिवसांनी पूर्ण रिकामी करून भरणे हाच उपाय. नुसते वरून पाणी घालत राहिले की क्षार साठत जातात. आठवड्याला एकदा टाकी घासून कोरडी केली तर डेंगीच्या डासांचाही बंदोबस्त होतो.

लग्नाच्या हॉलमधले फवाऱ्याचे पंखे हा किनाऱ्यावरचा सर्वांत निरर्थक खर्च. गच्च भरलेल्या हॉलमध्ये प्रत्येक माणूस घामावाटे तासाला शंभर-दीडशे ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाचशे पाहुणे म्हणजे तासाला ५० ते ७५ लिटर! त्यात वरून आणखी फवारा. शालू, शेरवानी ओली होते आणि घाम वाळत नाही तो नाहीच. तेच पैसे मोठ्या एक्झॉस्ट पंख्यांवर घालावेत, एका बाजूने हवा आत आणि समोरच्या बाजूने वर, छताजवळून बाहेर.

छताचा पंखा हवा गार करत नाही, अंगालगतचा बाष्पाने भरलेला थर ढकलून देतो. म्हणून दमट ३४ अंशांत तो फार कामाचा. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर भट्टीचा वारा घालतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्यापुढे पंख्यावर विसंबू नका असे सांगते. विदर्भात दुपारी वीज आहे पण कूलर नाही अशा घरात अंगावर ओला पंचा घेऊन मग पंख्याखाली बसावे. खिडक्यांचा नियमही दोन ठिकाणी दोन. नागपूर-अकोल्यात सकाळी आठला बंद, रात्री उघड्या. मुंबईत एसी नसेल तर दिवसभर समोरासमोरच्या उघड्या, कारण बाहेरची झुळूक हाच तिथला आधार.

एसीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण दमट शहरांत तो चुकीच्या आकाराचा घेतला जातो. एसी दोन कामे करतो, हवा गार करणे आणि तिच्यातले पाणी काढणे. थंड कॉइल दवबिंदूच्या बरीच खाली असते, म्हणून तिच्यावर पाणी धरते आणि नळीतून बाहेर टपकते. दीड टनाचा एसी मुंबईच्या मे महिन्यात तासाला एक-दीड लिटर पाणी सहज काढतो. आता दहा बाय दहाच्या बेडरूमला कुणी ‘लवकर गार व्हावे’ म्हणून २ टनांचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी लावतो. दहा मिनिटांत २४ अंश होतात, कॉम्प्रेसर बंद पडतो, आतला पंखा मात्र चालू राहतो आणि कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीत पाठवतो. पारा २४, चादर दमट. माणूस मग रिमोटवर २० करतो, अंगावर ब्लँकेट ओढतो आणि सकाळी नाक चोंदलेले असते. अशा वेळी ड्राय मोड लावावा किंवा एसीच्या पंख्याचा वेग कमी करावा. हवा कॉइलवरून सावकाश गेली की कॉइल अधिक थंड राहते आणि पाणी जास्त निघते. कोरड्या नागपुरात उलट, तिथे काढायला पाणीच नसते, पंखा जोरात ठेवावा. पाणी नीट निघत असेल तर २६ अंश आणि छताचा पंखा एकवर, यात मुंबईत छान झोप लागते. १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतो, तो नियम बरा आहे, पण दमटपणाची दखल त्यात नाही.

दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीतल्या हवेत मुंबईच्या त्या दुपारी सुमारे ७४० ग्रॅम पाणी असते, नागपूरच्या हवेत २४०. एसीच्या खोलीत २५ अंश आणि ५० टक्क्यांना ते ३२५ हवे. म्हणजे दाराखालच्या फटीतून खोलीभर हवा एकदा बदलली की ४०० ग्रॅम पाणी पुन्हा काढणे आले. दाराखालची शंभर रुपयांची रबरी पट्टी इथे रिमोटवर एक अंश कमी करण्यापेक्षा जास्त काम करते. बाथरूमचे दार बंद ठेवावे. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी असते, ते कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नयेत. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट कुकर उतरल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवावा. आणि एसीतून भिंतीवर पाणी गळू लागले की लगेच गॅस भरायला सांगू नये. आधी नळीला उतार आहे का, तिच्यात शेवाळ साचले आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हे पाहावे.

उन्हात राबणाऱ्यांसाठी मात्र नुसता दवबिंदूही पुरत नाही. तिथे ओल्या बल्बला ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या (उन्हाची झळ मोजायला ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातल्या) तापमानाला २० टक्के आणि साध्या पाऱ्याला १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. ओला बल्ब २९, उन्हातला गोळा ४५, हवा ३४, तर उत्तर ३२.७. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतेचा सराव असलेल्या कामगाराला मध्यम कामासाठी या आकड्याची हद्द २८ आहे, जड कामासाठी २६. म्हणजे मुंबईत मे महिन्याच्या दुपारी स्लॅब भरणाऱ्याला त्या हिशेबाने फक्त बसून राहायची मुभा आहे. ओल्या बल्बचे मोजमाप आपल्याकडे नवेही नाही. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओली करत, त्यावर लगाम घालणारे कलम १५ कारखाने कायद्यात १९४८ पासून आहे. कोळसा खाणीत ३३.५ ही ओल्या बल्बची मर्यादा आहे. जमिनीखाली जे मोजतात ते भर उन्हातल्या नाक्यावर कुणी मोजत नाही.

हा आकडा मिळवण्यासाठी आपल्या दैनिकाला काही खर्च नाही. वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत कोरड्या तापमापकाशेजारी मलमल गुंडाळलेला ओला तापमापक असतोच. त्या दोघांवरून दवबिंदू निघतो आणि नोंदीत जातो. चौकटीत इतकेच हवे: ‘मुंबई: कमाल ३४, किमान २७, दवबिंदू २७ (सायं. ५.३०)’. वेळ छापायला विसरू नये.

कळावे,
वातानुकूलन आणि वायुवीजनाचे काम करणारे दोन अभियंते, ठाणे

ता. क.: दवबिंदू घरी पाहायचा असेल तर स्टीलचा पातळ पेला बाहेरून कोरडा पुसून त्यात साधे पाणी अर्धे भरावे, तापमापक सोडावा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक घालत ढवळावे. पेल्याच्या बाहेर पहिला धूसरपणा दिसेल तेव्हाचा आकडा म्हणजे दवबिंदू. बर्फ एकदम टाकला की आकडा खाली चुकतो, पेल्यावर श्वास सोडला की वर. बाजारातल्या स्वस्त डिजिटल आर्द्रतामापकाची परीक्षाही सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखे होईल इतकेच थेंब पाणी घालावे, विरघळू देऊ नये. झाकण आणि मापक घट्ट डब्यात आठ तास ठेवावेत. मापकाने ७५ दाखवायला हवे. ६८ दाखवले तर पुढे प्रत्येक वेळी ७ मिळवून वाचावे.